दोनशे दोन, रिजेक्ट

आजचा विषय ऐकून काही जण आवाज कमी करतील, म्हणून आधीच सांगते, या गोष्टीत पुढे एक काकू येणार आहेत. तोवर धीर धरा.

विषय आहे ई-मेलच्या सर्व्हरवर नको असलेली पत्रं हाताने अडवण्याचा. हाताने म्हणजे अक्षरशः हाताने. सर्व्हरवर एक साधी फाइल असते. ती उघडायची, कचरा जिथून येतोय तो पत्ता लिहायचा, पुढे 'रिजेक्ट' हा शब्द लिहायचा, फाइल सेव्ह करायची आणि एक आज्ञा द्यायची. झालं. त्या क्षणापासून त्या पत्त्याहून येणारं प्रत्येक पत्र उंबऱ्यावरूनच परत. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रंच करतात. पण साधारण १९९५ ते २००५ या काळात जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक रात्री-अपरात्री हेच करत बसलेले असायचे. त्यातलीच एक मी.

२००३ साली न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी त्या फाइलीत एक ओळ लिहिली. दोनच शब्दांची: दोनशे दोन, रिजेक्ट. ती ओळ लिहायचा अधिकार मला कुणी दिला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. नंतर पडला, आणि चांगला पडला. त्याचं उत्तर शोधताना या फाइलीमागचा इतिहास हाती लागला, तो आज सांगते.

सुरुवात बरीच मागे आहे. नोव्हेंबर १९७५. इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट तेव्हा अमेरिकेतल्या मोजक्या विद्यापीठांना आणि प्रयोगशाळांना जोडत होतं. जॉन पोस्टेल या संशोधकाने एक टिपण लिहिलं. अशा टिपणांना क्रमांक असतात, याचा क्रमांक ७०६, आणि शीर्षकातच 'जंक मेलचा प्रश्न' असे शब्द आहेत. जेमतेम पानभर मजकूर. त्याचं म्हणणं असं, की आपल्या या जाळ्यात एखाद्या यंत्राला 'अमक्याचे संदेश मला नकोत' असं म्हणायची सोयच नाही. जे येईल ते वाचावंच लागतं. उद्या एखादं यंत्र बिघडून भसाभस संदेश पाठवायला लागलं, तर समोरच्याचं सगळं काम ठप्प होईल. तेव्हा नकार द्यायची काहीतरी व्यवस्था हवी.

मला या टिपणाची गंमत वाटते. पोस्टेलच्या डोक्यात मुख्यतः बिघडलेलं यंत्र आहे. कुणी मुद्दाम, पैशासाठी असं करेल हा विचार त्यात दिसत नाही. पण उपाय मात्र त्याने तोच सुचवला, जो वीस वर्षांनी सगळे करणार होते: पाठवणारा ओळखायचा आणि दारातच अडवायचा.

मुद्दाम करणारा माणूस यायला तीन वर्षं लागली. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रात्यक्षिकांचं आमंत्रण पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळजवळ ४०० लोकांना एकदम पाठवलं. अर्पानेट वापरणाऱ्यांची तेव्हा छापील डिरेक्टरी असायची. तिच्यातले पत्ते एकेक करून टाइप केले गेले. पत्ते इतके झाले की ते नेमून दिलेल्या जागेत मावले नाहीत, ओसंडून पत्राच्या मजकुरात घुसले. आपल्याकडे पंगतीला पानं कमी पडली की माणसं माजघरात बसवतात, तसं. लोक भडकले, संरक्षण खात्यातून कंपनीला समज मिळाली, आणि अनेक वर्षं पुन्हा तसं काही झालं नाही.

समज पुरली, कारण तो वाडा होता. सगळे एकमेकांना ओळखत होते, आणि पुन्हा तोंड दाखवायचं होतं.

वाड्याची वस्ती झाली ती नव्वदच्या दशकात. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युजनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. नव्वदच्या दशकात युजनेटवर आपल्या मराठी मंडळींचाही एक गट होता, जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या लॉटरीत भारतात जन्मलेल्यांना आजही साधारणपणे भाग घेता येत नाही, म्हणजे आपल्या लोकांसाठी ती जाहिरात दुप्पट निरुपयोगी. पण महत्त्वाचा बदल वेगळाच होता. या दोघांना समज मिळाली, शिव्या मिळाल्या, त्यांचं खातं बंद झालं, तरी ते शरमले नाहीत. उलट या धंद्यात पैसा कसा आहे, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. लाज वाटण्यावर उभी असलेली व्यवस्था तिथेच संपली.

आता थोडं तांत्रिक. त्या काळात जगातला कुठलाही मेल सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे पोचवून द्यायचा. तुमचा माझा काही संबंध नसला, तरी तुमचं पत्र माझ्या दारात आलं तर मी ते पुढच्या गावाला नेऊन देणार, ही रीत होती. एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती डबा द्यावा आणि पुढच्या थांब्यावर कुणीतरी उतरवून घ्यावा, तसं. जाहिरातवाल्यांनी हे हेरलं. एकच पत्र आणि लाखभर पत्त्यांची यादी एखाद्या परक्या विद्यापीठाच्या सर्व्हरला द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं. घाम त्या सर्व्हरने गाळायचा, वीज आणि फोनचं बिल विद्यापीठाने भरायचं, आणि तक्रारीही त्यांनीच ऐकायच्या. पुढे मी एमबीए करताना अर्थशास्त्राच्या तासाला 'बाह्य खर्च' ही कल्पना शिकवली गेली: फायदा माझा, खर्च ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही त्याचा. प्राध्यापक कारखान्याच्या धुराचं उदाहरण देत होते. माझ्या डोळ्यांसमोर मेल सर्व्हर होता.

मग लोक दारं लावायला लागले. 'सेंडमेल' हा तेव्हाचा सर्वात जास्त वापरला जाणारा मेल प्रोग्रॅम. १९९८ च्या त्याच्या आवृत्तीपासून परक्याचं पत्र पुढे न्यायची जुनी सवय मुळातच बंद करण्यात आली. कंडक्टरने डबे घेणं सोडलं. आणि ती नकाराची फाइलही याच काळात सर्वांच्या हाताशी आली.

पण दार लावायचा हक्क आहे का? हा प्रश्न कोर्टात गेलाच. फिलाडेल्फियात सायबर प्रमोशन्स नावाची कंपनी होती, सॅनफर्ड वॉलेस तिचा मालक. एओएलने त्याची पत्रं अडवली तेव्हा त्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला, की एओएल ही खाजगी कंपनी आहे, सरकार नव्हे, तेव्हा तिच्या ग्राहकांच्या पेटीत घुसायचा घटनात्मक हक्क सायबर प्रमोशन्सला नाही. पुढच्याच वर्षी ओहायोतल्या कोर्टाने कॉम्प्युसर्व्हच्या खटल्यात याहून पुढे जाऊन सांगितलं, की नको म्हटल्यावरही दुसऱ्याच्या यंत्रावर पत्रांचा मारा करणं ही त्याच्या मालमत्तेत केलेली घुसखोरीच.

थोडक्यात, माझं दार, माझी कडी. इथपर्यंत मला यात काही खटकत नाही. आजही खटकत नाही.

अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी नावाचा गृहस्थ होता. इंटरनेटवरची नावं ज्या यंत्रणेतून आकड्यांत बदलतात, त्या डीएनएसचा सर्वात प्रचलित प्रोग्रॅम सांभाळणारा हा माणूस. त्यानेही आपल्या यंत्रासाठी अडवायच्या पत्त्यांची यादी केली होती. मित्र म्हणाले, आम्हालाही दे. १९९७ मध्ये त्याने आणि डेव्ह रँड या सहकाऱ्याने ती यादी इतरांना द्यायला सुरुवात केली. संस्थेचं नाव ठेवलं 'मॅप्स', म्हणजे स्पॅम उलटं वाचायचं. यादी वापरायची पद्धतही हुशारीची होती. पत्र आलं की तुमचा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आकडी पत्ता उलटा करून त्या यादीला डीएनएसमधून विचारायचा: हा तुमच्याकडे आहे का? उत्तरात १२७.०.०.२ असा ठराविक आकडा आला तर आहे, काहीच आलं नाही तर नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय. आजच्या अशा सगळ्या याद्या याच युक्तीवर चालतात.

म्हणजे आता प्रत्येकाला स्वतःच्या हाताने ओळी लिहायची गरज उरली नाही. कॅलिफोर्नियात एकाने ओळ लिहिली की तिच्या भरवशावर बसलेले सगळे सर्व्हर ती पाळणार. व्हिक्सीची मंडळी जबाबदार होती. यादीत टाकण्याआधी समोरच्याशी बोलायची, मुदत द्यायची, पुरावा ठेवायची. तरी कुणाचं नाव टाकायचं, याचा विचार हळूहळू पसरट झाला. आधी स्पॅम पाठवणारा यादीत. मग स्पॅम पाठवायचे प्रोग्रॅम विकणारा यादीत. मग अशा विक्रेत्यांच्या वेबसाइटला जागा देणारा यादीत. आणि त्याच्या जागेत राहणारे बाकीचे?

२००० साली नेमकं हेच झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या मीडिया थ्री या होस्टिंग कंपनीकडे असे काही विक्रेते होते, म्हणून तिच्या पत्त्यांचे आख्खे गठ्ठे यादीत गेले. त्याच गठ्ठ्यात 'पीसफायर' नावाची संस्था होती. ती संस्था काय करायची माहिती आहे? इंटरनेटवर लादल्या जाणाऱ्या फिल्टरांविरुद्ध लढायची. स्पॅमशी तिचा काडीचा संबंध नव्हता, पण यादी पाळणाऱ्या काही नेटवर्कांवरून तिची वेबसाइट दिसेनाशी झाली. यादीवाल्यांचं म्हणणं: घर बदला, चांगल्या वस्तीत जा. घरमालकावर दबाव आणायचा तर भाडेकरूंची गैरसोय व्हायलाच हवी, हा त्यामागचा उघड हिशेब होता. हा तर्क ऐकला की मला आपल्याकडची जुनी वाळीत टाकण्याची पद्धत आठवते. तिथेही शिक्षा एका माणसाला नसायची, त्याच्याशी रोटी-बेटीचा व्यवहार ठेवील त्यालाही असायची. काम होतं यात शंका नाही. पण कुणाच्या जिवावर?

असो. आता २००३.

मी तेवीस वर्षांची, पदवी घेऊन नुकतीच लागलेली. कंपनीत साठेक माणसं, मेल सर्व्हर एक, आणि तो सांभाळणारी मी एकटी. रोज सकाळी येणाऱ्या पत्रांत दहातली सात औषधं, कर्ज आणि नको त्या गोष्टी विकणारी. मॅनेजर रोज विचारणार, काय केलंस? मी फाइल उघडून ओळी लिहायचे. एकेक पत्ता बंद करायचा आणि उद्या तोच माणूस शेजारच्या पत्त्यावरून हजर. एकेका डासाला चापटी मारण्यासारखं काम.

तेव्हाची परिस्थिती अशी होती, की पत्रं येताना दिसायची कोरियातून, चीनमधून, पूर्व आशियातल्या कुठल्याशा शाळेच्या सर्व्हरवरून. प्रत्यक्ष माल विकणारे बरेचसे इथले, अमेरिकेतले. पण इथली दारं बंद होत गेल्यावर त्यांनी तिकडची नीट न लावलेली यंत्रं शोधून काढली होती. आपण इंग्रजीत तक्रार लिहायची, तिकडे ती वाचणारं कुणी नाही. म्हणून देशवार याद्याही निघाल्या होत्या: सगळा कोरिया बंद, सगळा चीन बंद. त्या वापरणं ही तेव्हा मुळीच जगावेगळी गोष्ट नव्हती. एका शुक्रवारी मॅनेजर म्हणाला, आपला आशियाशी धंदा नाही, तर तिकडची पत्रं हवीत कशाला?

मला ते पटलं. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे चार आकडे. त्यातल्या पहिल्या आकड्यावरून कुठला प्रदेश ते पुष्कळदा कळायचं. २०२ आणि २०३ हे आशिया-प्रशांत भागाला दिलेले. मी लिहिलं: दोनशे दोन, रिजेक्ट. खाली दोनशे तीन. खाली आणखी चार-पाच ओळी. एका पहिल्या आकड्यात किती पत्ते असतात? एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. मी एका ओळीत तेवढे बंद केले. पिनकोड ४ पासून सुरू होत असेल तर पत्र घेऊ नका असं पोस्टमनला सांगावं, तसं हे. म्हणजे आख्खा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, सगळं एका आकड्यात परत.

आणि २०२ मध्ये कोण होतं? २०२.५४ म्हणजे व्हीएसएनएल. १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते यांच्यामार्फत. मोडेमची ती किर्र किर्र, आणि पुण्याच्या लोकांचे ते 'पीएन टू डॉट व्हीएसएनएल' असे पत्ते. मला हे माहीत होतं. माझ्या स्वतःच्या घरच्यांचा पत्ता याहूचा होता. याहूची पत्रं इथूनच, अमेरिकेतल्या सर्व्हरवरून यायची, त्यामुळे माझं काही अडलं नाही आणि मला काही सुचलंही नाही.

सोमवारी कचरा निम्म्याहून खाली आला. मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं.

हिशेब खात्यात आपल्या एक काकू होत्या. दीड आठवड्याने त्या माझ्या टेबलाशी आल्या. "अगं, दादाची मेल येतच नाहीये. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तो रोज लिहितो म्हणाला होता. तुमचा तो सर्व्हर बंद होता का?" मी स्क्रीनवरून नजरही न हलवता म्हटलं, "नाही काकू, आपल्याकडे सगळं व्यवस्थित आहे. तिकडेच काहीतरी असेल." आपल्याकडे सगळं व्यवस्थितच दिसत होतं. अडवलेलं पत्र अडवणाऱ्याला दिसत नाही. सकाळी पेटी उघडली की जे आलंय ते दिसतं. जे आलं नाही, त्याची जागा रिकामीसुद्धा दिसत नाही.

शनिवारी काकूंनी कॉलिंग कार्डावरून फोन लावला तेव्हा दादा तुटकपणे बोलले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं: पत्र पाठवलं की थोड्या वेळाने परत यायचं, आणि वर बहिणीचा पत्ता, त्याखाली '५५०, ॲक्सेस डिनाइड'. प्रवेश नाकारला. दादा रिटायर्ड माणूस, नुकतेच कॉम्प्युटर शिकलेले. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. आईच्या खर्चावरून महिन्यापूर्वी दोघांत थोडं वाजलं होतं, आणि आता बहिणीने आपली पत्रं बंद करून टाकली. त्यांनी पाच पत्रं पाठवली. पाचही वेळा त्यांना उत्तर मिळालं: नाकारला.

सोमवारी काकूंनी मला '५५० म्हणजे काय गं?' असं विचारलं, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी सर्व्हरची नोंदवही काढली. २०२.५४ वरून आलेली पाच पत्रं, तारीख, वेळ, पुढे माझा नियम. सगळं बरोबर चाललं होतं. सर्व्हरने मी सांगितलं तेच केलं होतं.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अशा याद्यांच्या इतिहासातली एक विलक्षण घटना घडली. ऑसिरूसॉफ्ट नावाची यादी एक माणूस चालवत होता. सुडाने पेटलेल्या स्पॅमवाल्यांनी त्याच्या यंत्रांवर इतका मारा केला की तो वैतागला. यादी बंद करताना त्याने काय केलं? कुठलाही पत्ता विचारा, उत्तर एकच: यादीत आहे. जगातला प्रत्येक पत्ता. ज्यांचे सर्व्हर त्या यादीवर डोळे मिटून विसंबले होते, त्यांनी त्या दिवशी येणारं सगळं टपाल नाकारलं. आमच्या धंद्यातले लोक ती गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला त्यावर हसू येत नाही, कारण एक कोटी सदुसष्ट लाख आणि सगळं जग यात फरक फक्त प्रमाणाचा आहे.

मोठ्यांनीही तेच केलं. २००४ च्या डिसेंबरात व्हेरायझनने युरोपातून येणारं बरंचसं मेल अडवायला सुरुवात केली. इथल्या ग्राहकांना कित्येक आठवडे तिकडची पत्रं मिळेनात. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे तडजोड होऊन ग्राहकांना थोडीफार भरपाई मिळाली. काकूंच्या दादांना कुणी काय द्यायचं?

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. या याद्या नसत्या तर ई-मेल मेलंच असतं. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स दावोसला म्हणाले होते, की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. तो आजही सुटलेला नाही. २००८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातली मॅकोलो ही एकच होस्टिंग कंपनी जाळ्यापासून तोडली गेली, तर जगभरातलं स्पॅम त्या दिवशी निम्म्याहून अधिक घसरलं. काही आठवड्यांनी ते पुन्हा चढलं, पण उगम अडवण्यात दम आहे हे सगळ्या जगाने पाहिलं. आणि यादीवाल्यांनी त्याची किंमतही मोजली. १९९८ पासून चालणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर इलिनॉयमधल्या ई-थ्री-सिक्स्टी कंपनीने दावा लावला आणि २००६ मध्ये कोर्टाने १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. अपील होत होत ती २७,००२ डॉलरवर आली, आणि २०११ मध्ये वरच्या कोर्टाने ती ३ डॉलर केली. हो, तीन. मी ती बातमी वाचून टाळी वाजवली होती.

म्हणून मी यादीच्या विरुद्ध नाही. माझं भांडण त्या पसरट हिशेबाशी आहे. स्पॅमवाला आपला खर्च तिऱ्हाइताच्या गळ्यात मारतो म्हणून आपण चिडतो. मग एकाला अडवायला आख्खा प्रदेश बंद करून आपणही तेच करतो. आमच्या कंपनीचा त्रास वाचला, आणि त्याची किंमत पुण्यात एका घरात भरली गेली. ती आमच्या कुठल्याच ताळेबंदात येणार नव्हती.

आज फाइल उघडणाऱ्या बऱ्याचशा मुली-मुलांची जागा मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांनी घेतली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना स्वाक्षरी आणि ओळखीचे नियम सक्तीचे केले, ते योग्यच आहे. पण कुणी हौसेने घरी स्वतःचा छोटा मेल सर्व्हर चालवून बघावा. पत्ता वस्तीचा, म्हणजे घरगुती इंटरनेटचा, म्हणून तो आधीच यादीत असतो. आणि आता पुष्कळदा '५५०' सुद्धा येत नाही. पत्र स्वीकारलं जातं आणि स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून राहतं. दादांना निदान नाकारल्याचं कळलं तरी होतं.

त्या सोमवारी मी दोनशे दोनची ओळ खोडली. मॅनेजर कुरकुरला. कचरा वाढला, मग मी परत एकेक पत्ता लिहायला लागले, पण आता प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कारण लिहायचे, आणि महिन्याने जुन्या ओळी पुन्हा तपासायचे. काकूंना मी खरं काय ते सांगितलं. त्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तू दादाला सांग. माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही." मी पुण्याला फोन करून एका अनोळखी गृहस्थांना इंटरनेटचे पत्ते कसे वाटले जातात ते मराठीत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिने काही केलं नव्हतं?"

ऑपरेशन नीट झालं होतं. आजी वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. ती पाच पत्रं दादांनी पुन्हा पाठवली नाहीत. पण दार उघडल्यावर दोन दिवसांनी त्यांच्याकडून पहिलं पत्र आलं, ते मी नोंदवहीत पाहिलं आणि काकूंना हाक मारली. अष्टविनायकाची चित्रं, भलंमोठं अटॅचमेंट, एकदम चाळीस लोकांना पाठवलेलं, आणि खाली लाल अक्षरात: हे पत्र दहा जणांना पाठवा, चार दिवसांत शुभवार्ता मिळेल. जगातल्या कुठल्याही फिल्टरने ते स्पॅम ठरवलं असतं.

काकूंनी त्याची रंगीत प्रिंट काढली आणि आपल्या टेबलाशी लावली.